वरातीच्या घोड्याच्या तोंडात काय आहे? बिनकडीचा लगाम कसा निवडायचा, कसा वापरायचा

हैदराबाद : तुळशीचं लग्न लागलं की हैदराबादेत वरातींचा हंगाम सुरू होतो. कुठे बँड, कुठे मर्फा, कुठे डीजे. पुढे नाचणारी पोरं, बाजूला डोक्यावर दिवे घेतलेल्या माणसांची रांग आणि मधोमध सजवलेला घोडा. नांदेड, लातूर, उदगीर, बिदर, आदिलाबादकडच्या बऱ्याच मराठी घरांना हे आता नवीन नाही. मुलगा हैदराबादेत नोकरीला, सोयरिक तिथलीच, त्यामुळे गावाकडचा परण्याही तिकडच्याच रस्त्यावर निघतो. नवरदेवाचा फेटा नीट बसलाय का, हे दहा जण बघतात. घोड्याच्या तोंडात काय घातलंय, हे सहसा कुणी बघत नाही.

बघायला हवं, कारण मण्यांच्या आणि आरशांच्या साजाआड कधी कधी काट्याचा लगाम दडलेला असतो. हा प्रकार फक्त हैदराबादचा नाही. वरातीच्या आणि टांग्याच्या घोड्यांच्या तोंडात देशभर अनेक ठिकाणी तो सापडतो. त्याला कायद्याने बंदी आहे आणि पर्यायही आहे. तोंडात लोखंड न घालता घोडा चालवता येतो. मात्र त्यासाठी साज नीट निवडावा लागतो, नीट बसवावा लागतो आणि घोड्याला व माणसालाही सवय लावावी लागते. ते कसं करायचं, ते पाहू.

तोंडात नेमकं काय होतं?

घोड्याचे पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. लगामाची लोखंडी कडी, म्हणजे जुन्या मराठीतलं कडियाळं, तिथेच बसते. ही जागा रिकामी असली तरी बधिर नसते. तिथली हिरडी पातळ असते आणि तिच्या खालीच जबड्याच्या हाडाची धारदार कड असते. दोरी ओढली की कडी जीभ आणि हिरडी हाडावर दाबते. आपल्या नडगीवर लोखंडी गज दाबला तर कसं वाटेल, त्यावरून अंदाज करता येतो.

साधी, गुळगुळीत कडी आणि हलका हात असेल तर घोडा ती सहन करतो. जगातले बहुसंख्य घोडे अशाच कडीवर चालतात. पण कडीला आतून काटे, खिळे किंवा दातेरी चकत्या असतील तर प्रत्येक ओढीला जीभ, ओठ आणि हिरडी सोलली जाते. जखम भरायच्या आत पुढची वरात येते.

साध्या कडीनेही इजा होतेच. फिनलंडमध्ये शर्यतीनंतर लगेच २६१ घोड्यांची तोंडं तपासली गेली. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या ८४ टक्के घोड्यांच्या तोंडात कडीच्या जागी ताज्या जखमा होत्या. ते शर्यतीचे घोडे होते, वरातीचे नव्हते, त्यामुळे तो आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण बाहेरून रक्त दिसत नाही म्हणजे आत सगळं ठीक आहे असं नसतं, एवढं त्यावरून कळतं.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याखाली ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ मध्ये नियम झाले. त्यातल्या ८ व्या नियमानुसार जनावर चालवण्यासाठी, त्यावर बसण्यासाठी किंवा ते ताब्यात ठेवण्यासाठी काट्यांची काठी, काट्यांचा लगाम, खिळे किंवा गाठी असलेला साज, किंवा सूज, ओरखडे, तीव्र वेदना होतील असं कुठलंही धारदार साधन वापरता येत नाही. हे नियम केंद्राचे आहेत. सीमेच्या अलीकडे महाराष्ट्र असो की पलीकडे तेलंगण आणि कर्नाटक, बंदी तिन्हीकडे तीच.

अडचण दंडाची आहे. मूळ कायद्याच्या ११ व्या कलमात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. तीन वर्षांत पुन्हा तोच गुन्हा केला तर २५ ते १०० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९६० मध्ये ५० रुपयांना वजन होतं. आज तेवढ्यात वरातीतला एक फुगाही येत नाही. त्यामुळे नुसत्या कायद्याच्या धाकाने काटे निघणार नाहीत. घोडेवाल्याला आणि लग्नघराला दोघांनाही पर्याय माहीत असावा लागतो.

काट्याशिवाय घोडा आवरणार कसा?

घोडेवाल्यांचा हा नेहमीचा प्रश्न आहे आणि तो खोटा नाही. साडेतीनशे-चारशे किलोचं जनावर, पाठीवर कधीच घोड्यावर न बसलेला नवरदेव, पुढ्यात लहान भाचा, चारही बाजूंनी फटाके. घोडा उधळला तर माणसं तुडवली जातील. पोटही याच धंद्यावर आहे.

पण चारशे किलोच्या जनावराला कुणीही ताकदीने धरून ठेवू शकत नाही. ना काट्याने, ना कडीने, ना पट्ट्याने. घोडा थांबतो तो शिकलेला असतो म्हणून. घाबरलेल्या घोड्याच्या तोंडात अचानक कळ उठली तर तो त्या कळेपासूनही पळू बघतो. मान वर फेकतो, मागच्या पायांवर उभा राहतो. मग काटे त्याला आवरण्याऐवजी आणखी बिथरवतात.

आपल्याकडे याचं जवळचं उदाहरण बैलाचं आहे. बैल म्हटला की वेसण आलीच, असं पिढ्यान्‌पिढ्या मानलं गेलं. सांगली, सोलापूर भागात काम करणाऱ्या अॅनिमल राहत या संस्थेने वेसणीऐवजी मोरकी वापरायला शेतकऱ्यांना शिकवलं. नाकात दोरी नाही, तोंडाभोवती पट्टा. घोड्याचा बिनकडीचा लगाम म्हणजे याच मोरकीचा भाऊ. बाजारात त्याला ‘बिटलेस’ म्हणतात.

प्रकार चार, काम वेगवेगळं

बिनकडीच्या लगामात तोंडात काही जात नाही. दाब नाकावर, हनुवटीखाली, गालांवर किंवा कानामागे येतो. तो कुठे आणि किती येतो, यावरून प्रकार ठरतात.

पहिला, साइडपुल. नाकपट्टीच्या दोन्ही बाजूंना कड्या आणि त्यांना लगामाची दोरी. उजवी दोरी ओढली की तोंड उजवीकडे वळतं. सगळ्यात सोपा, सगळ्यात सौम्य. नवशिक्या हातांसाठी आणि चालीने चालणाऱ्या घोड्यासाठी हाच बरा. वरातीचा घोडा चालीनेच चालतो, तेव्हा पहिली निवड हीच.

दुसरा, फुलीचा लगाम. यात कानामागून आलेले पट्टे जबड्याखाली एकमेकांना ओलांडून जातात. उजवी दोरी ओढली की डोक्याची डावी बाजू ढकलली जाते. अमेरिकेतले पशुवैद्य रॉबर्ट कुक यांच्यामुळे तो जगभर माहीत झाला. वळवायला चांगला. खोट एकच, दोरी सोडल्यावर पट्टे लगेच सैल व्हायला हवेत. स्वस्त, खरबरीत नायलॉनचे पट्टे अडकून राहतात आणि दाब सुटत नाही. विकत घेताना पट्टे सरसर सरकतात का, हे हातात धरून बघावं.

तिसरा, बोसाल. जाड वेणीसारख्या चामड्याचा फास नाकावर आणि हनुवटीखाली गाठ. मेक्सिको आणि अमेरिकेतल्या गुराख्यांची ही पद्धत. हलत्या, हलक्या हाताचं हे काम आहे. शिकवणारा जाणकार नसेल तर यात पडू नये.

चौथा, हॅकामोर, म्हणजे दांड्यांचा. बाजूला लोखंडी दांड्या, हनुवटीखाली साखळी. दांड्यांमुळे तरफेचं गणित लागू होतं. नाकपट्टीच्या वर २ इंच आणि खाली ६ इंच दांडी असेल तर हातातली ओढ जबड्यावर साधारण तिप्पट होऊन पोचते. अडथळ्यांवरून उड्या मारणारे तरबेज स्वार तो वापरतात. अनाडी हातात मात्र तो काट्याइतकाच वाईट. वरातीसाठी नकोच.

बिनकडीचा म्हणजे बिनत्रासाचा नव्हे

ही गोष्ट आपल्या देशाच्या इतिहासातच नोंदलेली आहे. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस भारतात आला होता. त्याच्या माहितीवरून एरियन या लेखकाने ‘इंडिका’ ग्रंथात इथल्या घोड्यांच्या साजाचं वर्णन केलं. घोड्याच्या तोंडाभोवती कच्च्या चामड्याचा पट्टा आणि त्याला आतून पितळेचे किंवा लोखंडाचे काटे. श्रीमंतांच्या घोड्यांना हस्तिदंताचे. लगाम ओढला की ते काटे टोचायचे. म्हणजे तेवीसशे वर्षांपूर्वीही काटे होतेच, आणि तेही तोंडाच्या बाहेरच्या पट्ट्याला. कडी काढली आणि नाकपट्टीत खिळे, सायकलची साखळी किंवा तार घातली, तर घोड्याला काय फरक पडला? ८ व्या नियमात असा साजही येतो.

नाकपट्टी कुठे बसवायची?

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. घोड्याच्या डोळ्यांच्या मधून खाली नाकावर बोट फिरवत यावं. आधी कडक हाड लागतं, पुढे एका ठिकाणी ते संपून मऊ कूर्चा सुरू होते. हाडाचं ते टोक बारीक आणि नाजूक असतं. नाकपट्टी त्याच्या वर, कडक हाडावरच आली पाहिजे. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, माणसासारखा तोंडाने घेऊ शकत नाही. पट्टी खाली घसरली तर श्वास कोंडतो आणि घाबरलेला घोडा आणखी घाबरतो.

वरचीही हद्द आहे. गालावर डोळ्याखालून पुढे येणारी हाडाची उभारलेली कड हाताला लागते. पट्टी तिच्या खाली साधारण दोन बोटं असावी.

घट्टपणाचं मोजमाप सोपं आहे. नाकाच्या पुढच्या बाजूला, मधोमध, पट्टीखाली मोठ्या माणसाची दोन बोटं आडवी सहज गेली पाहिजेत. बाजूने बोटं घालून मोजू नये. तिथे मांस मऊ असतं, त्यामुळे घट्ट पट्टीही सैल वाटते. हनुवटीखालचा पट्टाही तसाच. मग घोड्याला गाजराचा तुकडा द्यावा. तो आरामात चघळता आला तर पट्टी बरोबर. फार सैलही नको, नाहीतर गालपट्टी सरकून डोळ्यात जाते.

पट्टी रुंद, गुळगुळीत आणि आतून मऊ अस्तराची असावी. सुती दोरी किंवा बारीक नायलॉन कापतं. हैदराबादच्या एप्रिल-मेच्या उन्हात घामाने नायलॉनखाली चट्टे पडतात, चामडं वाळून कडक होतं. प्रत्येक कामानंतर साज पुसायचा, चामड्याला तेल द्यायचं आणि नाकावरचे केस झिजलेत का ते बघायचं.

एक तपासणी त्याआधीची. घोड्याच्या दाढांच्या बाहेरच्या कडा झिजताना धारदार होतात. नाकपट्टी गाल आत दाबते आणि त्या धारेने गाल आतून कापला जातो. म्हणून नवा लगाम घालण्याआधी पशुवैद्याकडून दाढा बघून, गरज असेल तर घासून घ्याव्यात. जुन्या कडीच्या जखमा असतील तर त्याही तेव्हाच दिसतात.

सवय लावायची कशी?

आज लगाम आणला आणि संध्याकाळी वरातीला नेला, असं कधीही करायचं नाही.

पहिले काही दिवस तबेल्यातच साज चढवायचा, थोडा वेळ ठेवायचा, काढायचा. मग जमिनीवर उभं राहून धडे. थांब, चल, मागे हो, उजवीकडे, डावीकडे. नियम एकच, हलका दाब द्यायचा आणि घोड्याने ऐकलं की त्याच क्षणी सोडायचा. घोडा ओढण्यातून शिकत नाही, सोडण्यातून शिकतो. दाब धरूनच ठेवला तर तो नाकपट्टीवर रेलून माणसालाच ओढत नेतो. मग लोक म्हणतात, बिनकडीचा लगाम चालत नाही.

जमिनीवर पक्कं झालं की बंदिस्त जागेत जाणकाराने वर बसायचं. सुरुवातीला जुनी गुळगुळीत कडीही तोंडात राहू द्यावी आणि दोन दोऱ्या धराव्यात. काम नाकपट्टीच्या दोरीने घ्यायचं, कडीची दोरी फक्त हाताशी ठेवायची. पुढे कडी काढून टाकायची. काटे असलेली कडी मात्र पहिल्याच दिवशी फेकायची, ती सरावासाठीही नको.

शेवटी आवाजाचा सराव. ढोल-बँड लांबून, हळू आवाजात ऐकवायचा. घोडा चारा खात राहिला, मान खाली ठेवली तर अंतर कमी करायचं. कान ताठ, नाकपुड्या फुललेल्या, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, तर मागे यायचं. काही घोड्यांना आठवडे पुरतात, काहींना महिने लागतात. काही घोडे गर्दीसाठी नसतातच. तसा घोडा कुठल्याही लगामाने वरातीत नेऊ नये.

कुठे चालेल, कुठे नाही

हैदराबादला घोडे नवे नाहीत. मलकपेठचं रेसकोर्स आहे, शहर पोलिसांचं अश्वदल आहे, राष्ट्रीय पोलीस अकादमीत आयपीएस प्रशिक्षणार्थींना घोडेस्वारी शिकवतात, अझीझनगर-मोईनाबाद बाजूला हौशी लोकांसाठी केंद्रं आहेत. प्रत्येक ठिकाणचं काम वेगळं आणि साजही वेगळा. आंतरराष्ट्रीय नियमांत उड्यांच्या स्पर्धेला बिनकडीचा लगाम चालतो, ड्रेसाजला कडी लागतेच. भरधाव शर्यतीचा घोडा हाही वेगळा विषय आहे.

वरात, लहान मुलांची फेरी, तबेल्यातून मैदानापर्यंत नेणं-आणणं ही चालीची कामं आहेत. तिथे शिकवलेल्या घोड्याला साधा साइडपुल पुरतो. वरातीत घोडा खरं तर नवरदेव चालवत नाही, बाजूचा माणूस चालवतो. म्हणून लगाम नवरदेवाच्या हातात द्यायचाच नाही. त्याला धरायला खोगिराच्या पुढे पट्टा द्यावा. घोड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक माहीतगार माणूस, प्रत्येकाच्या हातात दोरी, पण मनगटाला गुंडाळलेली कधीही नाही. घोडा झटकला तर मनगट सुटणार नाही.

घोडेवाल्याचा हिशेब

लग्नाचे मुहूर्त मोजके असतात आणि वर्षाची कमाई त्याच दिवसांत होते. तोंडाला जखम झालेला घोडा नीट खात नाही, उतरतो, ऐन तिथीला डोकं हलवतो, लगाम घालू देत नाही. एक मुहूर्त बुडाला तर तेवढं भाडं गेलं, चाऱ्याचा खर्च मात्र चालूच. साइडपुल गावातला चामड्याचं काम करणारा कारागीरही जुन्या मोरकीवरून करून देऊ शकतो. साज महाग नाही, महाग आहे सरावाला लागणारा वेळ. तो पावसाळ्यात, धंदा मंद असताना काढता येतो.

नवा घोडा घेतानाही हे लक्षात ठेवावं. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. शेजारच्या राज्यांतूनही लोक येतात. वय कळावं म्हणून प्रत्येक गिऱ्हाईक घोड्याचे दात बघतोच. तोंड उघडलंच आहे तर दातांमागची मोकळी हिरडी, जिभेच्या कडा आणि ओठांचे कोपरेही बघावेत. कापलेली जीभ, जुने व्रण, पांढरे पडलेले ओठाचे कोपरे दिसले तर घोडा कसा चालवला गेलाय ते कळतं. असा घोडा तोंडाला हात लागू देत नाही. त्याला नाकपट्टीची सवय लावायला जास्त धीर लागेल, हे धरूनच भाव करावा.

लग्नघराने काय विचारायचं?

घोडा ठरवताना रंग आणि साज बघतो तसं तोंडही बघावं. लगाम कुठला आहे, काढून दाखवा, असं सरळ सांगावं. कडी असेल तर ती बोटाने चाचपून बघावी. ती पूर्ण गुळगुळीत हवी. काटा लागला तर घोडा नाकारावा आणि कारणही सांगावं. बिनकडीचा लगाम असेल तर नाकपट्टीखाली दोन बोटं घालून बघावीत आणि घोडा या लगामावर किती दिवस चालतोय ते विचारावं.

वरातीत घोडा तोंड सतत उघडं ठेवत असेल, जीभ बाहेर काढत असेल, मान झटकत असेल किंवा फेसात लाल रंग दिसत असेल तर नवरदेवाला खाली उतरवावं. पुढचं अंतर तो पायी जाईल, त्यात कुठलाही अपशकुन नाही. तक्रार करायची तर जवळचं पोलीस ठाणं किंवा जिल्ह्याची प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी आहे.

ही चौकशी घोडा ठरवतानाच व्हायला हवी, वरात दारात आल्यावर नाही. ‘वरातीमागून घोडं’ आणण्यात काही अर्थ नसतो, हे आपल्याला जुनंच ठाऊक आहे. बयाणा देण्याआधी पाच मिनिटं तबेल्यात जाऊन यावं, तेवढं पुरे.